जोडीतला दुसरा बैल

आमच्या जीपच्या डाव्या मागच्या मडगार्डवर बोटभर रुंदीचं एक भोक आहे. त्यात मी काळं रबरी बूच बसवलंय. जीप बघायला येणारा हौशी माणूस चाकं बघतो, गिअर टाकून बघतो आणि हमखास त्या बुचावर बोट ठेवून विचारतो, "हे कशाचं?" मी "जुनं आहे" म्हणून वेळ मारून नेतो. ते जुनं नाही. एका रविवारी दुपारी, शेडमध्ये बसून, ड्रिल मशीनने मीच पाडलंय. आणि ते चुकीच्या जागी आहे असंही नाही. उलट ही एकच गोष्ट मी बरोबर जागी केली होती. पण ते नंतर.

जीप आप्पांची. महिंद्राची एमएम ५४०, डिझेल, वर कापडी हूड. अवसरी बुद्रुकहून मंचरच्या बाजारात कांदा नेण्यापासून लग्नाचं वऱ्हाड नेण्यापर्यंत तिनं सगळं केलं. आप्पांनंतर ती माझ्या हौसेची झाली. आम्ही पाच-सहा जण आहोत, कोणी कळंबचा, कोणी निरगुडसरचा. पावसाळ्यात रविवार गाठून घोडेगाव, डिंभे, पुढे आहुप्याकडे गाड्या घालायच्या, चिखलात रुतवायच्या आणि एकमेकांना दोर लावून ओढायच्या. डिंभ्याचं धरण, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर, मागे पडलं की बऱ्याच ठिकाणी मोबाइलचा उपयोग फक्त वेळ बघायला. पुढची गाडी वळणाआड गेली की ती रुतली की चहा प्यायला थांबली, कळायला मार्ग नाही.

रेडिओ का घेतलास असं कोणी विचारलं की मी माळीणचं नाव घ्यायचो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला, १५१ माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आणली ती एसटीच्या ड्रायव्हरने. हे आमच्याच तालुक्यात घडलं. तेव्हापासून त्या पट्ट्यात फोनवर विसंबू नये असं मला खरंच वाटायचं. पण रेडिओ घेतला तो त्यासाठी नाही. मेहुण्याने अमेरिकेहून फोटो पाठवला होता, त्यात त्याच्या शेजाऱ्याच्या उघड्या जीपला मागे उंच काठी होती आणि ती वाऱ्यावर झुलत होती. मला ती काठी आवडली. गेलेल्या माणसांचं नाव मी माझ्या हौसेला पुढे केलं, याची आज लाज वाटते.

मेहुणा पुढच्या सुटीत आला तेव्हा त्याच्या बॅगेत दोन सीबी संच होते. असं यंत्र परदेशातून आणायचं तर कागदपत्रं लागतात, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, ४० चॅनेल, ४ वॅट ताकद. अमेरिकेत १९५८ पासून हा पट्टा सामान्य माणसाला मोकळा आहे. १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत हे ट्रकवाले एकमेकांना यावरूनच सांगायचे आणि त्याचं तिकडे वेड पसरलं. आपल्याकडे ते आलंच नाही. आपल्या ट्रकवाल्यांच्या हातात थेट मोबाइल आला. त्यामुळे मंचरमध्ये किंवा नारायणगावात जाऊन "सीबीचा अँटेना कसा बसवायचा" असं विचारायची सोय नव्हती. विचारायची सोय नसली की माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो.

पहिला अँटेना मी मागवला तो चुंबकाचा. दोन फुटी काठी, खाली बशीएवढा चुंबक. भोक पाडायला नको, टपावर ठेवला की काम झालं. पार्सल आलं, मी ते दिमाखात उघडलं, अँटेना उचलला, जीपपाशी गेलो आणि हात वर करून तसाच उभा राहिलो. वर कापड. वीस वर्षं ज्या हुडाखाली बसलो, ते हूड कापडाचं आहे हे ऑर्डर देताना मला आठवलं नव्हतं. आई ओट्यावर लसूण सोलत होती. ती म्हणाली, "चिटकत नाय का रं?" मी म्हणालो, "बॉनेटवर लावायचाय." बॉनेटवर तो चिकटला आणि पेठ-अवसरी घाटात एका खड्ड्यात सुटला. केबलला लोंबकळत त्याने दारापर्यंतचा सगळा रंग ओरबाडला. पावडर लावून तो पट्टा झाकायला गेलो तर तो जास्तच उठून दिसायला लागला.

दुसरा घेतला फायबरग्लासचा. चार फुटी काठी, आत तांब्याची तार गुंडाळलेली. हा मागच्या बंपरवर अँगल लावून बसवला. मंचरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगल करून घेतला, त्याला छान काळं पावडर कोटिंग मारून घेतलं. या पावडर कोटिंगचं मला इतकं कौतुक होतं की मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. केबल म्हणून घरात पडलेली डिश टीव्हीची वायर वापरली. उरलेली पाच-सहा मीटर वेटोळं करून सीटखाली सरकवली. वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली. आणि इंजिनाची खरखर येऊ नये म्हणून इग्निशन नॉइज फिल्टर नावाची एक डबी विकत घेऊन लावली. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, मग ठिणगीची खरखर येणार कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. अल्टरनेटरची शीळ मात्र येत राहिली, आणि लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतल्यामुळे ती अगदी खणखणीत येत राहिली.

कळंबच्या मित्राच्या गाडीत दुसरा संच होता. तो निघाला. गावाच्या वेशीपर्यंत आवाज ठीक. मंचरच्या अलीकडेच तो घरघरायला लागला आणि मग गप्प. संच विकणाऱ्यांच्या जाहिरातीत बरेच मैल लिहिलेले असतात. माझं गणित गावाबाहेरच संपलं.

मग मी एसडब्ल्यूआर मीटर आणला. पाटाला पाणी सोडलं आणि पुढे दारं नीट उघडलं नसलं तर पाणी बांधाला थडकून मागे येतं. तसंच संचातून निघालेली ताकद अँटेनापर्यंत जाते आणि जेवढी बाहेर पडत नाही तेवढी मागे फिरते. मीटर त्याचं प्रमाण दाखवतो. १.५ आला तर चार टक्के परत येते, ते चालतं. ३ आला तर चौथा हिस्सा परत येतो आणि तो संचाच्याच अंगावर येतो. माझा काटा तीनच्याही पुढे जाऊन टेकला होता.

इथे माझी सगळ्यात महागडी चूक. काठी लांब झाली असणार, असं मी ठरवून टाकलं. खरं तर हे ठरवायची साधी रीत आहे: खालच्या चॅनेलवर आणि वरच्या चॅनेलवर मोजायचं. वरच्या चॅनेलवर काटा जास्त चढला तर काठी लांब, खालच्या चॅनेलवर जास्त चढला तर काठी आखूड. माझा एक नंबरला जास्त चढत होता. मी ते उलटं वाचलं. पत्र्याच्या शेडखाली, जीपचं दार उघडं टाकून, एका हातात माईकचं बटण दाबून धरलेलं आणि दुसऱ्या हातात कटर. टोकाची टोपी काढून अर्धा इंच कापला, काटा हलला नाही. आणखी एक इंच कापला. आणखी एक. बटण दाबलेलंच. चौथ्या इंचाला काटा एकदम शून्यावर आला. मी आनंदाने ओरडलो, "जमलं!" जमलं नव्हतं. संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळला होता. बाहेर जायला ताकदच उरली नव्हती, तर परत काय येणार?

पुण्याला तपकीर गल्लीत एका कारागिराने तो बदलून दिला. त्याने संच उघडला, वास घेतला आणि मान वर न करता विचारलं, "एसडब्ल्यूआर किती होता?" म्हणजे या गल्लीत हा प्रश्न विचारणारा माणूस होता. मी आधी तिथे गेलो असतो तर.

पुढे ज्यांना मी काका म्हणायला लागलो, त्यांची भेट खोडदला झाली. आमच्या घरापासून तिथली रेडिओ दुर्बीण फार लांब नाही, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. गावोगावच्या शाळांची पोरं येतात, आम्हीही पोरांना घेऊन जातो. आत शिरताना मोबाइल बंद करायला लावतात. ३० ताटं, प्रत्येक ४५ मीटरचं, आणि त्यांना ऐकायचं असतं ते आकाशातून येणारं इतकं क्षीण काही, की खिशातला फोन त्यापुढे ढोलताशा. मी एका ताटाखाली उभा राहून पोराला काहीतरी समजावत होतो आणि चुकीचं समजावत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी न राहवून दुरुस्ती केली. त्यांनी तिथे बरीच वर्षं नोकरी केली होती. मी त्यांना माझ्या जीपची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, आणि मला त्याचंच बरं वाटलं.

"वर बघ," ते म्हणाले. "ताट दिसतंय ना? ते भरीव नाही. पोलादी तारेची जाळी आहे, दोरांवर ताणून बसवलेली. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांची युक्ती. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. पण रेडिओ लहरीला ती भोकं दिसतच नाहीत. तिच्या दृष्टीने तो आरसाच. तुझ्या काठीलाही असाच आरसा लागतो. तू काठी घेतलीस, आरसा घेतला नाहीस."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी आमच्या भागातला दाखला दिला. "बैलगाडा पळवतोस का?" मी म्हणालो, चुलत्यांचा आहे. "मग असं समज, काठी हा जोडीतला एक बैल. दुसरा बैल म्हणजे गाडीचा पत्रा. सत्तावीस मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची. तिचा पाव म्हणजे पावणेतीन मीटर काठी, आणि तिचं दुसरं अंग गाडीच्या लोखंडात. तू एकच बैल जुंपलास आणि गाडा पळत नाही म्हणून त्याच्या शेपटीचे केस कापतोयस."

पुढच्या आठवड्यात ते घरी आले. आईने चहा टाकला. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि खिशातून मल्टिमीटर काढला. त्याचं एक टोक बंपरवरच्या माझ्या लाडक्या अँगलला लावलं, दुसरं चासीला. आवाज आला नाही. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचाच थर. वीज त्याच्यातून जात नाही. ज्या कोटिंगचा मी फोटो टाकला होता, त्यानेच दुसरा बैल दावणीला बांधून ठेवला होता. त्यांनी बोल्टाखालचा भाग पानाएवढा पॉलिश पेपरने घासून पांढरा केला, दातेरी वॉशर घातला, जाड वेणीची अर्थिंगची पट्टी चासीपर्यंत ओढली आणि मीटरचं टोक परत लावलं. ट्यूं. मग केबलच्या आतल्या तारेला आणि बाहेरच्या जाळीला टोकं लावली. तिथेही ट्यूं! "इथं वाजायला नको," ते म्हणाले. काठीच्या बुडाशी एक पांढरा नायलॉनचा वॉशर असतो, त्याला खांदा असतो. तो खांदा भोकात बसला पाहिजे, म्हणजे काठी अँगलला चिकटत नाही. मी तो उलटा बसवला होता. दीड रुपयाचाही नसेल.

डिशच्या वायरला मी सगळ्यात मोठा गुन्हा समजत होतो, कारण ती ७५ ओहमची आणि संचाला ५० ओहमची लागते. काका म्हणाले, तेवढ्याने कोणी मरत नाही. पण तिची जाळी अॅल्युमिनियमची, तिला डाख धरत नाही. आतली तार एकच आणि कडक, ती जीपच्या हादऱ्याने आज ना उद्या तुटणार. आरजी-५८ घे, बारीक तारांची. वेटोळं करू नको. आणि वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून. हे सगळं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी तीन महिने आणि एक ट्रान्झिस्टर कशात घालवला ते मला सांगता येईना.

एका गोष्टीला मात्र ते स्पष्ट नाही म्हणाले. मला शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर घ्यायचा होता. त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा चढला. स्वस्त अॅम्प्लिफायर फक्त २७ वर बोलत नाही, त्याच्या दुपटीवर, तिपटीवर, पाचपटीवरही कुजबुजतो. २७ ची पाचपट १३५, आणि खोडदची दुर्बीण १२० पासून २५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात कान लावून बसलेली. "पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग त्या ताटांपायी अडला," ते म्हणाले, "आणि तू तिथं तुझा भोंगा लावणार?"

तिसरा अँटेना मात्र मी त्यांना न विचारता आणला. १०२ इंची पोलादी काठी, खाली स्प्रिंग. म्हणजे फोटोतली ती. अंगचीच पाव लहर, गुंडाळी नाही, काही कापायला नको. बंपरवर लावली असती तर निम्मी काठी जीपच्या पाठीमागे झाकली गेली असती, म्हणून मडगार्डवर भोक पाडलं, आतून पत्रा घासला, वॉशरचा खांदा खाली. काटा १.४ वर. कळंबचा मित्र घरी बसून बोलत होता आणि मी गोठ्यापाशी उभा राहून त्याचा आवाज ऐकत होतो. मी त्या दिवशी दोनदा जेवलो असेन.

मग उसाच्या रानात गाडी घेऊन गेलो. बांधावरून चढ होता, वर मोटारींची विजेची लाइन गेलेली, मधे झोळ आलेला. मला काठी दिसत नव्हती, कारण ती माझ्या मागे होती. चुलते मोटारसायकलवर मागून येत होते. त्यांनी जो हॉर्न धरला तो सोडलाच नाही. मी थांबलो. उतरून पाहिलं तर काठीचं टोक आणि तार यांच्यात वीतभर अंतर, आणि स्प्रिंगमुळे काठी अजून डुलत होती. अंगाला घाम फुटला. चुलते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त गाडीच्या पाठीमागून नायलॉनची दोरी काढून माझ्या हातात दिली. काठी पुढे वाकवून बंपरला बांधली तेव्हा माझे हात थरथरत होते. बारका पोरगा मागे हुडाची नळी धरून उभा होता, हे मी कित्येक दिवस घरात सांगितलं नव्हतं.

तरी काठी काढली ती त्या भीतीने नाही. काढली ती एका कागदाने. काका एके दिवशी नियमाची प्रत घेऊन आले. २००५ चा नियम. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, पाच वॅटपर्यंत, परवाना नको. मी खूश. मग त्यांनी बोट ठेवलं. पहिली गोष्ट, हा पट्टा २७.२८३ ला संपतो आणि माझ्या अमेरिकी संचाचा २८ वा चॅनेल २७.२८५ वर आहे; म्हणजे २८ ते ४० ही तेरा चॅनेलं आपल्याकडे या सवलतीबाहेर. आम्ही दोघं मित्र ठरवून ३३ वर बोलायचो, तिथे शांतता असते म्हणून. दुसरी गोष्ट त्याच ओळीत होती: अँटेना संचाच्या अंगचाच असला पाहिजे. बाहेरून लावलेला या सवलतीत येत नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. चुंबकाचा, फायबरचा, पोलादाचा. कोणता निवडायचा, कुठे बसवायचा, किती कापायचा, यात माझं वर्ष गेलं होतं. बसवायचा की नाही, हा प्रश्न त्या सगळ्याच्या आधी होता आणि तो मी कोणालाच विचारला नव्हता.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मला वाटलं, तू परवान्याचा असशील," काका म्हणाले. "एवढी काठी लावणारा माणूस हॅमच असतो."

आता हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओ परवान्याच्या, परीक्षेचं पुस्तक आणलंय. मोर्स नसलेली खालची श्रेणी द्यायची आहे. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहर अर्धा मीटरच भरते, तारेला लागायची भीती नाही, आणि मडगार्डवरचं भोक तयारच आहे. फक्त हा पट्टाही दुर्बिणीच्या कानात येतो, तेव्हा खोडदच्या बाजूला गेलं की माईकला हात लावायचा नाही, असं काकांनी परीक्षेच्या आधीच कबूल करून घेतलंय. दोन्ही सीबी संच कपाटात पडून आहेत. फायबरची कापलेली काठी पोरांनी पतंगाला नेली.

पोलादाची काठी घरातच आहे. बुडाला जाड, टोकाला बारीक, वाकते पण मोडत नाही. मोरीचा पाइप तुंबला की आई आतून हाक मारते, "तुझं ते एरियल आण रं."